सोयाबीनच्या पट्टीतून वर्षाचे हप्ते

नोकरदाराचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होतो. देगलूर भागातल्या शेतकऱ्याकडे पैसा येतो तो मूग-उडीद, सोयाबीन, तूर, हरभरा असा मालामागून. मधले महिने कोरडे जातात. म्हणून आपोआप कापले जाणारे बचतीचे हप्ते इथे लावायचे तर ज्या महिन्यात माल विकून आडतीची पट्टी हाती येते, त्याच महिन्यात वर्षाची तजवीज करून ठेवावी. दिवाळी पाडव्याला व्यापारी वही बदलतात. आपणही तोच मुहूर्त धरू.

जवळ घेऊन बसा : सगळी पासबुके, विम्याच्या पावत्या, पीककर्जाचा खातेउतारा, वर्षभरातल्या आडतीच्या पट्ट्या आणि एक वही. नवरा-बायको दोघेही बसा.

कृती

१. आधी देणी. शेकडा दोन रुपये महिन्याने उचललेला पैसा वर्षाला २४ टक्के पडतो. तेवढे खात्रीने देणारी गुंतवणूक नाही, तेव्हा तो पहिल्यांदा फेडा. पीककर्जाची मुदतही वहीत लिहा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे कर्ज वेळेत भरले तर व्याज पडत नाही. मुदत टळली की सवलत गेली.

२. पेरणीचा पैसा बाजूला. जूनचे बी-खत आणि तीन महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत टाका. याला हप्त्यांसाठी हात लावायचा नाही.

३. उद्दिष्टांची उजळणी. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा : काय, कधी, आजचा खर्च, जमले किती. झालेले किंवा आता नको असलेले खोडा. लांबच्या खर्चात महागाई धरा. वर्षाला ६ टक्क्यांनी महागणारी वस्तू साधारण १२ वर्षांत दुप्पट होते. सहा वर्षांच्या मुलीच्या शिक्षणाचे आजचे ४ लाख ती अठराची होईतो ८ लाख होतील. ८ टक्के परतावा धरला तर त्यासाठी महिन्याला सुमारे ३,३०० रुपये लागतात.

४. साधन निवडा. पाच वर्षांच्या आतबाहेरच्या कामाला पोस्टाची आवर्ती ठेव. दहा वर्षांखालच्या मुलीसाठी सुकन्या समृद्धी. पण शिक्षणासाठी अठरानंतर जमेच्या निम्म्यापर्यंतच रक्कम काढता येते, म्हणून सगळा भार तिच्यावर नको. वरच्या ३,३०० पैकी २,००० सुकन्येत आणि १,३०० म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत, म्हणजे दरमहाच्या ठरावीक गुंतवणुकीत, टाका. सुकन्येतली निम्मी रक्कम तेव्हा हाती येणार नाही, म्हणून ८ लाखांना तेवढी तूट पडेल हे धरून चला. एसआयपीत चढउतार असतो, परताव्याची हमी नसते. सात-दहा वर्षे थांबायची तयारी असेल तरच लावा.

५. हप्त्यांचे खाते वेगळे. रोजच्या व्यवहाराच्या खात्यातून हप्ते लावले की लग्नसराईत ते रिकामे सापडते. दुसरे बचत खाते उघडा आणि पट्टी जमा होताच ३,३०० चे बारा हप्ते, म्हणजे ३९,६०० रुपये, त्यात एकरकमी टाका. या खात्याचे एटीएम कार्ड घेऊच नका. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत बारा हप्ते आगाऊ भरले तर १०० रुपयांच्या हप्त्यामागे ४० रुपये सूट मिळते. १,००० रुपयांच्या हप्त्याला वर्षाचे १२,००० ऐवजी ११,६०० भरले की काम झाले.

६. बँकेला आदेश द्या. सुकन्येसाठी स्थायी सूचना, एसआयपीसाठी मॅन्डेट, म्हणजे हप्ता कापायची परवानगी. फॉर्मवरची कमाल रक्कम आणि शेवटची तारीख वाचूनच सही करा. पीएम किसानच्या २,००० रुपयांच्या भरवशावर हप्ता लावू नका. ते कधी जमा होतील हे आपल्या हाती नाही. खात्यात पैसे नसले तर बँक दंड लावते, आणि सलग तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी बंद पडते.

७. पहिला हप्ता तपासा. मोबाइलवरच्या मेसेजवर न थांबता पासबुक भरून आणा. प्रत्येक खात्याला वारस नोंदवला आहे का, तेही त्याच फेरीत बघा.

८. मार्चमध्ये दुसरी बैठक. तूर-हरभऱ्याचा पैसा आला असेल तर हप्ता वाढवा. सुकन्येत वर्षाला किमान २५० आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे (पीपीएफ) खाते असेल तर त्यात ५०० रुपये ३१ मार्चच्या आत गेलेच पाहिजेत, नाहीतर दंड बसतो.

पीक गेले तर : सुकन्येची सूचना थांबवून वर्षाच्या किमान २५० रुपयांवर या, एसआयपीला फंडाकडून काही महिन्यांचा विराम मागा. जमलेले मात्र मोडू नका. पुढच्या पट्टीला हप्ते पुन्हा सुरू करता येतात.