मोटारीचे दिवे अंधुक का होतात ?

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. धानाची कापणी आटोपत आली होती आणि आम्ही गोंदियाहून रात्री हट्ट्यास परतत होतो. बांध्यांमधून उठलेले धुके सडकेवर पसरले होते. मोटारीचे दोन्ही दिवे लागलेले असूनही पिवळट, धूसर उजेडापलीकडे काही दिसेना. एकाएकी अवघ्या काही हातांवर धानाने भरलेली बंडी दृष्टीस पडली. तिच्या मागे कंदील नव्हता. ब्रेक वेळेवर लागला, म्हणून बैल, बंडीवाला आणि आम्ही सारेच सुखरूप राहिलो.

बल्ब जुना झाला असावा, असे प्रथम वाटले. दुसऱ्या दिवशी नवा बसविला, तरी उजेड होता तेवढाच. तेव्हा ध्यानात आले की दोष बल्बचा नसून त्याच्यापुढील आवरणाचा आहे.

अँबॅसडर किंवा प्रीमिअर पद्मिनी या मोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस आठवत असेल की त्यांच्या दिव्यांपुढे काच असे. दगड लागला तर ती फुटे, परंतु पिवळी पडत नसे. हल्लीच्या मोटारींना काचेऐवजी पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघा रसायनशास्त्रज्ञांना ते एकमेकांच्या नकळत गवसले. ते वजनाला हलके, हवा तो आकार घेणारे, आणि खडा लागला तरी सहसा न फुटणारे असते. मात्र सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्यास सोसत नाहीत. त्या किरणांनी त्याच्या रेणूंचे बंध तुटतात, हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि पिवळी द्रव्ये तयार होतात. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक, कठीण अशा लेपाचे पातळ कवच चढवितात. आपल्याकडील वैशाख-ज्येष्ठाचे ऊन, सडकेची धूळ आणि कोरड्या फडक्याने पुसण्याची आपली सवय यांमुळे ते कवच काही वर्षांत झिजते, व मग खालचे प्लॅस्टिक उघडे पडते.

अमेरिकेतील एएए या मोटारचालकांच्या संस्थेने २०१८ साली केलेल्या चाचणीत, पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्या दिव्यांच्या सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर पडतो, असे आढळले.

आता एक सोपा प्रयोग करून पाहा. अंधुक दिव्यावर तांब्याभर पाणी ओता. तो तत्काळ स्वच्छ दिसू लागेल, आणि वाळताच पुन्हा धूसर होईल. असे का व्हावे ? झिजलेल्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म ओरखडे असतात व त्यांत हवा असते. हवेचा वक्रीभवनांक १, तर पॉलिकार्बोनेटचा सुमारे १.५८, या मोठ्या फरकामुळे प्रत्येक ओरखड्यापाशी किरण वाकडेतिकडे फेकले जातात. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आहे. पाणी ओरखड्यांत शिरले की तो फरक घटतो आणि किरण बरेचसे सरळ जातात. प्रयोगशाळेतील घासलेली काच ओली केल्यावर पारदर्शक भासते, तीही याच कारणाने. पाणी ओतूनही दिवा स्वच्छ दिसला नाही, तर आत दमट हवेची वाफ साचली आहे काय हे पाहावे. तो रोग वेगळा, त्यास बाहेरून घासण्याचा उपयोग नाही.

आमची पहिली चूक येथे सांगितलीच पाहिजे. कोणीतरी सुचविले म्हणून आम्ही दिव्यांना दंतमंजनाची पेस्ट चोळली. तिच्यात बारीक घर्षक पूड असते. दिवे लखलखले, आम्हीही हर्षभरित झालो. उन्हाळ्याचे दोन महिने सरले नाहीत तोच पूर्वीहून अधिक पिवळे झाले ! उरलेसुरले कवच आम्हीच आपल्या हातांनी खरवडून काढले होते. काही जण डास हाकलण्याचे औषध चोळतात. त्यातील द्रावक प्लॅस्टिक मऊ करतो, त्यामुळे क्षणभर चकाकी येते व पुढे बारीक भेगा पडतात. पेट्रोलही याच कारणाने वर्ज्य समजावे.

नंतर आम्ही रीतसर काम केले. दिवा विझवून थंड होऊ द्यावा, साबणाच्या पाण्याने धुवावा, आणि भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावावी. मग रंगाऱ्यांचा वॉटरपेपर पाण्यात भिजवून घासावे : आधी ८०० अंकाचा, मग १५००, मग ३०००. पहिल्याने आडवे घासले असेल, तर दुसऱ्याने उभे. म्हणजे आधीचे ओरखडे पुसले गेले की नाही हे कळते. प्रारंभी पिवळसर पाणी ओघळते. ते पांढरे दिसू लागले म्हणजे जळालेला थर निघाला असे समजावे. घाई केल्यास खोल ओरखडे राहून जातात, आणि ते मागाहून निघत नाहीत. या वेळी दिवा पूर्वीहून पांढुरका दिसतो व घरातील मंडळी हसतात. तिकडे लक्ष देऊ नये.

शेवटी स्पिरिटने पुसून, अतिनील किरण अडविणाऱ्या पारदर्शक लेपाचा फवारा सावलीत, धूळ नसलेल्या जागी, पातळ असा दोन वेळा मारावा. डब्यावर सांगितलेला वेळ तो वाळू द्यावा. हा लेप ओरखड्यांत पाण्यासारखा शिरतो, परंतु वाळून उडून जात नाही; आणि झिजलेल्या कवचाची जागाही तोच घेतो. हा टप्पा ज्यांनी वगळला, त्यांनी केवळ दोन महिन्यांची चकाकी मिळविली.

दिवा नव्यासारखा होतो, असे मात्र नव्हे. वर सांगितलेल्या चाचणीत दुरुस्त केलेल्या दिव्यांचा प्रकाश सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परतला होता. आम्ही मुद्दाम आधी एकच दिवा दुरुस्त केला आणि रात्री गोठ्याच्या भिंतीसमोर मोटार उभी केली. भिंतीवर एका बाजूस रेखीव, पांढरा पट्टा उमटला. दुसरीकडे ताकासारखा पसरट उजेड. शेजारची मुले कितीतरी वेळ दोहोंमध्ये हात धरून सावल्या पाडीत होती.

त्या बंडीवाल्याने आता मागच्या बाजूस लाल परावर्तक पट्टी ठोकली आहे. तिला स्वतःचा उजेड नाही. मोटारीचा प्रकाश तिच्यापर्यंत पोहोचला, तरच ती चमकते.