डोंगरवाटेवरील सायकल



बेळगावहून पश्चिमेस जांबोटी, कणकुंबीकडे जाऊ लागले म्हणजे माळरान मागे पडते आणि सह्याद्रीचे अरण्य सुरू होते. मलप्रभेचा उगम याच कणकुंबीस आहे. येथील तांबड्या मातीच्या वाटांवर कोठे जांभ्या दगडाची खडबडीत पायरी, कोठे झाडाचे उघडे पडलेले मूळ, तर कोठे पाचोळ्याखाली दडलेला खड्डा असतो. अशा वाटेने सायकल चालविण्यास धाडस लागतेच. परंतु सुखरूप उतरावयाचे असेल, तर वर्गात शिकलेले पदार्थविज्ञान अधिक उपयोगी पडते.

हा क्रीडाप्रकार 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, टॅमलपायस डोंगराच्या परिसरात नावारूपास आला. तेथील तरुण जाड टायरांच्या जुन्या, वजनदार सायकली घेऊन डोंगर उतरत. 1976 साली त्यांनी एक शर्यत सुरू केली. तिचे नाव ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’. उतारावर मागील चाकातील ब्रेक इतका तापे की, त्यातील वंगण जळून धूर निघे आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. पुढे 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले.

वंगण का जळे, याचा हिशेब सोपा आहे. स्वार व सायकल मिळून 80 किलो वजन 100 मीटर खाली आले, तर सुमारे 78,400 ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेने पाव लिटर पाणी 25 अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापेल. वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर यातील बहुतेक ऊर्जा ब्रेकलाच सोसावी लागते. म्हणून लांब उतारावर मध्ये थांबून ब्रेक निवू द्यावेत.

आता वेगाकडे वळू. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सैल मातीवरील घर्षणांक 0.3 धरला, तर सपाटीवर ताशी 15 किलोमीटर वेगाची सायकल ब्रेक दाबल्यापासून सुमारे 3 मीटरांत थांबेल. ताशी 30 किलोमीटर वेगास सुमारे 12 मीटर लागतील. वेग दुप्पट, अंतर चौपट! शिवाय अडथळा दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी 8 मीटर वाट सरते. उतारावर हे अंतर याहूनही वाढते. यावरून नियम असा निघतो की, जेवढी वाट डोळ्यांस दिसते, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा, आणि तो वळणावर शिरण्यापूर्वीच कमी करावा.

ब्रेक दाबताच भार पुढील चाकावर जातो व मागील चाक हलके होऊन घसरू लागते. केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर स्वार हॅन्डलवरून पुढे फेकला जाण्याची भीती असते. यास्तव दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. सीटवरून किंचित उठून शरीर मागे न्यावे. दोन्ही पायडल समपातळीत ठेवून गुडघे व कोपर थोडे वाकवावेत. मग तेच सांधे स्प्रिंगचे काम करतात. टायरमधील हवाही विचारपूर्वक भरावी. एका चाकावर 90 पौंड भार व हवेचा दाब दर चौरस इंचास 60 पौंड असेल, तर सुमारे दीड चौरस इंच टायर जमिनीस टेकतो. दाब 30 पौंड केल्यास सुमारे 3 चौरस इंच. पकड सुधारते. मात्र दाब फारच कमी झाला, तर दगडाचा आघात थेट चाकाच्या कडीवर बसतो.

हिमालयातील चीडवनात गळालेल्या सुईसारख्या पानांचा थर जसा निसरडा असतो, तसाच आपल्याकडे ऐन-किंजळीचा पाचोळा. त्यावर जोराने ब्रेक दाबून चाक फरफटत नेले, तर मातीत चर पडते. पावसाळ्यात पाणी त्याच चरीतून धावते, माती वाहून नेते आणि एका मोसमात वाटेची घळ होते. म्हणजे जे चाक स्वारास पाडते, तेच वाटही उद्ध्वस्त करते. खानापूर तालुक्यातील भीमगड परिसर 2011 साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून जाऊ नये. अन्यत्रही रुळलेली वाट सोडू नये, आणि समोरून शेतकरी अथवा गुरे आल्यास आपण उतरून बाजूस उभे राहावे.

निघण्यापूर्वी ब्रेक, साखळी व टायर तपासावेत, डोक्यास शिरस्त्राण बांधावे, सोबती घ्यावा आणि घरी वाट सांगून जावे. चढ पायांच्या बळावर सर होतो. उतारास मात्र विवेक लागतो.