आराखड्याच्या आधी खातं बघ

अभिनंदन झालं, पेढेही खाल्ले. आता कामाचं ऐक. संशोधन विभागाची प्रमुख म्हणून तुझ्याकडे दहा वर्षांचा तंत्रज्ञानाचा आराखडा मागतील. तो देशील गं, पण आधी अकाउंट्समध्ये जाऊन बस आणि तुझ्या विभागाचा पैसा कोणाच्या खात्यातून येतो ते विचारून घे. आजचा माल विकणाऱ्यांच्या खात्यातून येत असेल, तर पहिल्याच मंदीत कात्री तुझ्यावर चालणार. त्यात त्यांची दुष्टाई नसते, त्यांना तिमाहीचे आकडे द्यायचे असतात. तुझा पैसा थेट एमडींच्या खात्याखाली आणून घे.

कोडॅकचं उदाहरण जो तो देतो, पण अर्धवट देतो. डिजिटल कॅमेरा त्यांच्याच स्टीव्हन सॅसननं १९७५ साली बनवला होता. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! डोकं कमी पडलं नाही. नफा फिल्ममध्ये होता आणि शब्दही फिल्मवाल्यांचाच चालायचा. जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला.

उलट आपल्या पुण्यात बघ. नंतर टाटा मोटर्स झालेल्या टेल्कोचा डाइमलर-बेंझशी ट्रकांचा करार १९५४ ते १९६९. तो संपायची वाट न बघता, टेल्कोचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांच्या कारकिर्दीत १९६६लाच इथं संशोधन केंद्र सुरू झालं. ४०७ ही हलकी ट्रक आली १९८६ साली आणि जपानी तंत्रज्ञानाच्या हलक्या ट्रकांपुढे टिकली. इंडिका मोटार लोकांनी पाहिली १९९८मध्ये. म्हणजे केंद्र निघाल्यापासून बत्तीस वर्षांनी. मधल्या काळात तिथं माणसं तयार होत होती, हे ताळेबंदात कुठं दिसणार? म्हणून वाईट वर्षी कन्सल्टंट काप, दौरे काप, नवी मशिनं पुढं ढकल. टूलरूममधल्या जाणत्या माणसाला मात्र हात लावू देऊ नकोस. मशीन पुन्हा घेता येतं.

प्रकल्प बंद करायला कचरू नकोस. बंद करताना का केला ते एका पानावर लिहून ठेव, नमुने जपून ठेव. कॉर्निंग या काच कंपनीनं १९६०च्या दशकात मजबूत काच बनवली, पुरेसं गिऱ्हाईक मिळेना म्हणून गुंडाळली. २००७च्या आयफोनला तशी काच हवी झाली, तेव्हा ते जुनं काम उपयोगी पडलं.

प्रत्येक प्रकल्पात पहिल्या दिवसापासून प्लँटचा एक माणूस घे, शक्यतो कुरकुर करणारा. ‘हे लाइनवर चालणार नाही’ हे त्यानं सुरुवातीलाच सांगितलेलं स्वस्त पडतं. इनोव्हेशन डे, पोस्टर, टी-शर्ट यांवर मात्र फार वेळ घालवू नकोस. ते एचआरला करू दे.

आणि तुझ्यानंतर खुर्ची सांभाळतील अशी दोन माणसं आत्तापासूनच हाताखाली घे. तू सुरू केलेल्या बऱ्याच कामांचा निकाल त्यांच्याच काळात लागायचा आहे.