पाठ ११ : साधा सूर, खरा शब्द

११.१ प्रस्तावना

आकाशवाणीवर, दूरदर्शनवर, लग्नाच्या मांडवात आणि आता खिशातल्या मोबाइलवरही आपण गाणी ऐकत असतो. त्यांतील बहुतेक गाण्यांमागे कसलेले गायक, अनेक वाद्ये आणि सुसज्ज ध्वनिमुद्रणगृह असते. तरीही कधी रेल्वेच्या डब्यात एखादा भजनी एकतारीवर गाऊ लागतो. आवाज थोडा बसलेला, तार किंचित उतरलेली. पण डब्यातील बोलणी आपोआप थांबतात आणि पुढे कित्येक दिवस ते गाणे मनातून जात नाही. असे का व्हावे? ज्या गाण्याला सजावट नाही, त्यात एवढे बळ कोठून येते? या प्रश्नाचे उत्तर आपण या पाठात शोधणार आहोत. त्यासाठी प्रथम झाशीच्या परिसरात जाऊ.

११.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• साध्या, अकृत्रिम गीतरचनेची वैशिष्ट्ये सांगता येतील;
• बुंदेलखंडातील फाग व महाराष्ट्रातील जात्यावरची ओवी यांचा परिचय करून देता येईल;
• ‘साधेपणा’ आणि ‘निष्काळजीपणा’ यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• आपल्या घरातील एखादे गीत ऐकून त्याची नोंद करता येईल.

११.३ मूलपाठ

(अ) हरबोल्यांची झाशी

उत्तर प्रदेशातील झाशी मराठी माणसाला परकी नाही. पेशव्यांच्या वतीने तेथील सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे आली आणि मराठी कुटुंबे त्या शहरात स्थायिक झाली. १८५८ साली इंग्रजी फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. आपण पाहिलेले त्यांनी पुढे लिहून काढले. ते ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे घटना आणि छापील पुस्तक यांच्यामध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

राणी लक्ष्मीबाईची कथा मात्र पुस्तकाची वाट पाहत थांबली नव्हती. गावोगाव फिरून वीरांच्या गाथा गाणारे बुंदेलखंडातील लोकगायक, म्हणजेच हरबोले, ती गात होते. सुभद्राकुमारी चौहान यांची ‘झाँसी की रानी’ ही हिंदी कविता देशभर पाठ केली जाते. ही कथा हरबोल्यांच्या तोंडून ऐकली, असे त्या कवितेतच मोकळेपणाने सांगितले आहे. एका सुशिक्षित कवयित्रीने अनाम गायकांचे ऋण असे मान्य करावे, ही मोठी गोष्ट आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. लोकगीतातील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. त्यासाठी कागदपत्रे तपासावी लागतात. परंतु त्या घटनेने लोकांच्या मनाला काय झाले, हे कागदपत्रांतून क्वचितच कळते. ते गाण्यातून कळते.

(आ) ईसुरींचा फाग

झाशी जिल्ह्यात मऊरानीपूरजवळ मेंढकी नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकातील लोककवी ईसुरी हे येथले. होळीच्या दिवसांत गायिल्या जाणाऱ्या फाग या गीतप्रकाराला त्यांनी चार कडव्यांचे नव्हे, तर केवळ चार ओळींचे आटोपशीर रूप दिले. त्याला ‘चौकडिया फाग’ म्हणतात. ढोलक, नगडिया आणि झांजा एवढी साथ त्याला पुरते. भाषा घरातली, शेतातली बुंदेली. ‘रजऊ’ या प्रेयसीला उद्देशून रचलेले त्यांचे फाग आजही त्या भागात प्रेमाने गायिले जातात.

त्यांच्या एका प्रसिद्ध फागात शरीराला भाड्याच्या घराची उपमा दिली आहे. भिंती कच्च्या मातीच्या, छप्पर गवताचे, दारे दहा. मालक सांगेल तेव्हा घर सोडायचे. देहाच्या नश्वरतेचा हा विचार आपल्या संतकाव्यातही आहे. पण ईसुरींनी निवडलेली वस्तू पाहा. समोर बसलेला श्रोता रात्री याच मातीच्या, गवताने शाकारलेल्या घरात झोपायला जाणार आहे. त्याला उपमेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शब्द आणि जीवन यांच्यामध्ये अंतरच उरत नाही. खऱ्या शब्दाचे बळ म्हणतात ते हेच.

(इ) श्रोत्यांवाचून गाणे

आता झाशीहून आपल्या घराकडे वळू. फाग निदान चार माणसांपुढे गायिला जातो. जात्यावरच्या ओवीला श्रोताही नसे. पहाटेच्या अंधारात एकटी किंवा जोडीने दळणारी स्त्री स्वतःसाठीच गाई. जात्याची घरघर हीच साथ आणि दगडाचा फेरा हाच ताल. माहेरची ओढ, लेकीची काळजी, सासरचा जाच, विठ्ठलाची भेट, हे सारे ती तेथे बोलून टाकी. दिवसा जे बोलण्याची सोय नव्हती, ते पहाटे गाण्याची मुभा होती. कोणाला खूश करायचे नसल्यामुळे या ओव्यांत खोटा शब्द सहसा सापडत नाही.

पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. हे गळे शिकवलेले नाहीत. कोठे श्वास अपुरा पडतो, कोठे सूर हलतो. पण ते ऐकताना आपण सभागृहात नसतो, त्या बाईच्या ओट्यावर बसलेले असतो.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गोष्ट तर आपल्याला विशेष जवळची वाटावी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचत. घरच्यांनी ती उतरवून ठेवली, म्हणूनच १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. अक्षरओळख नसणे आणि सांगण्यासारखे काही नसणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका पुस्तकाने सिद्ध केले.

(ई) दूरदेशीचे उदाहरण

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत वुडी गथ्री यांनी १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची गाणी एका गिटारवर गायिली. पुढे १९८२ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन या नामवंत गायकाने घरातच साध्या कॅसेट यंत्रावर काही गाणी ध्वनिमुद्रित केली. तो केवळ कच्चा खर्डा होता. नंतर वादकांच्या ताफ्यासह ती पुन्हा वाजवून पाहिली, तेव्हा गाण्यातील एकटेपणच नाहीसे होते, असे ध्यानात आले. शेवटी तो घरगुती खर्डाच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध करण्यात आला. आज अनेक स्वतंत्र गायक मोठ्या कंपनीवाचून, एका खोलीत बसून याच रीतीने गाणी करतात.

(उ) साधेपणा म्हणजे निष्काळजीपणा नव्हे

मग काहीही, कसेही गायिले तरी ते चांगले ठरेल काय? मुळीच नाही. चौकडिया फागाच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा असतात आणि सोळाव्या मात्रेवर विराम येतो. ओवीलाही यमकाचे आणि चरणांचे बंधन आहे. म्हणजे येथे कौशल्य आहेच. फक्त ते शब्दांच्या आड येत नाही. तसेच, सजवलेले संगीत खोटेच असते असेही समजू नये. कुमार गंधर्व १९४८ साली आजारपणात देवासला राहायला आले. तेथे कानी पडणाऱ्या माळव्यातील लोकधुनांतून पुढे त्यांनी नवे राग घडवले. शास्त्रीय संगीताच्या एका थोर गायकालाही या झऱ्यावर यावे लागले, यातच सारे आले.

(ऊ) आपले काम

गावात विजेची गिरणी आली आणि स्त्रीच्या हातांचे कष्ट वाचले. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु जाते थांबले तशी ओवीही थांबली. ज्या गीताला कागद नाही, ते गाणाऱ्या व्यक्तीबरोबरच जाते. हरबोल्यांचे गाणे एका कवयित्रीने ऐकले, बहिणाबाईंचे घरच्यांनी टिपून ठेवले. तुमच्या आजीचे, आत्याचे किंवा शेजारच्या मावशींचे गाणे कोण टिपणार? तुम्ही आता लिहू शकता. ज्या दिवशी तुमच्या हातून असे एक गाणे कागदावर उतरेल, त्या दिवशी तुमचे शिक्षण तुमच्या घराच्याही उपयोगी पडलेले असेल.

११.४ शब्दार्थ

अकृत्रिम – मुद्दाम सजवलेले नसलेले
नश्वरता – नाश पावण्याचा गुण
नगडिया – लहान नगाऱ्यासारखे वाद्य
शाकारणे – छपरावर गवत किंवा कौले घालणे
देशोधडीला लागणे – घरदार सोडून परागंदा होणे
खर्डा – कच्चा मसुदा

११.५ पाठगत प्रश्न

१. हरबोले कोणाला म्हणतात?
२. ईसुरींनी शरीराला कशाची उपमा दिली आहे?
३. जात्यावरच्या ओवीत खोटा शब्द सहसा का सापडत नाही?

११.६ आपण काय शिकलो

• साध्या गीताचे बळ गायकाच्या अनुभवात आणि घरगुती शब्दांत असते.
• लोकगीत हे इतिहासाचा पुरावा म्हणून अपुरे असले, तरी लोकभावनेचे साक्षीदार असते.
• साधेपणामागेही छंदाची शिस्त असते.
• नोंद न झालेले गीत गाणाऱ्या व्यक्तीबरोबरच नष्ट होते.

११.७ स्वाध्याय

१. ‘अक्षरओळख नसणे आणि सांगण्यासारखे काही नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ या विधानाचे आठ-दहा ओळींत स्पष्टीकरण करा.
२. ‘नेब्रास्का’ची गाणी वादकांच्या ताफ्यासह प्रसिद्ध का झाली नाहीत? तुमच्या शब्दांत लिहा.
३. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची परवानगी घेऊन त्यांच्याकडून एक गाणे ऐका. शक्य असल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. नंतर ते जसेच्या तसे लिहा. बोलीतील शब्द ‘शुद्ध’ करू नका. खाली गाणाऱ्याचे नाव, गाव आणि ते गाणे केव्हा गायिले जाई, ही माहिती लिहा. लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवा.