निकालापलीकडचा विद्यार्थी



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की धर्मग्राम कार्यालयाबाहेर मुलामुलींची रांग लागते. कोणाला कॉलेज प्रवेशासाठी स्नानसंस्काराचा दाखला हवा असतो, कोणाला वसतिगृहासाठी शिफारसपत्र. पत्रातला मजकूर ठरलेला असतो : 'सदर विद्यार्थी आमच्या धर्मग्रामातील असून आम्ही त्याला व्यक्तिशः ओळखतो.' खाली आम्ही सही करतो, शिक्का मारतो आणि पुढच्याला आत बोलावतो.

काही वर्षांपूर्वी असेच पत्र घेऊन गेलेल्या एका मुलाची आई दोन वर्षांनी आमच्याकडे रडत आली. मुलगा रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत होता, नेहमीची गाडी पकडत होता आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी येत होता. प्रत्यक्षात चार महिने त्याने कॉलेजात पाऊल टाकलेले नव्हते. मराठी माध्यमातून गेलेला मुलगा. इंग्रजीतले तास डोक्यावरून जाऊ लागले, पहिल्या वर्षी दोन विषय राहिले, वर्गात ओळखीचे कोणी नव्हते. एके दिवशी तो कॉलेजच्या स्टेशनवर उतरलाच नाही. शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचे, बाकावर बसून डबा खायचा आणि परतीच्या गाडीत बसायचे, असे त्याचे दिवस चालले होते.

"अरे, कोणाला तरी सांगायचे होतेस," आम्ही त्याला म्हणालो. त्याने मान खाली घातली आणि विचारले, "फादर, कोणाला?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्याला व्यक्तिशः ओळखतो असे आम्ही सहीनिशी लिहून दिले होते आणि दोन वर्षांत त्याची एकदाही चौकशी केली नव्हती. आज तो मुलगा मार्गी लागला आहे. त्याला विचारूनच, त्याची ओळख पटणार नाही अशा बेताने, आम्ही हे लिहीत आहोत. त्याच्या त्या एका शब्दाच्या प्रश्नावर आज आपण विचार करू या.

न्यूमन यांचा वाद

हा प्रश्न नवा नाही. संत जॉन हेन्री न्यूमन यांचे नाव आपण अलीकडे पुष्कळदा ऐकले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. न्यूमन हे कॅथलिक होण्याच्या कितीतरी आधी, १८२६ साली, ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात ट्यूटर झाले. ट्यूटर म्हणजे ठरावीक विद्यार्थ्यांना शिकवणारा शिक्षक. न्यूमन यांचे म्हणणे असे, की ट्यूटरचे काम धडा संपला म्हणजे संपत नाही. विद्यार्थ्याच्या एकंदर जडणघडणीची जबाबदारीही त्याच्यावर येते. कॉलेजचे प्रमुख हॉकिन्स यांना हे मान्य नव्हते. वाद वाढला आणि १८३० पासून न्यूमन यांच्याकडे नवे विद्यार्थी पाठवणेच बंद झाले.

पुढे १८४५ मध्ये ते कॅथलिक झाले आणि डब्लिन येथे नवे कॅथलिक विद्यापीठ उभारण्याचे काम त्यांच्यावर आले. १८५२ साली दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी एक विलक्षण प्रश्न मांडला. समजा, एक विद्यापीठ विद्यार्थ्यांना निवास देत नाही, मार्गदर्शक देत नाही, फक्त परीक्षा घेऊन पदवी देते. दुसरे विद्यापीठ शिक्षकही देत नाही, परीक्षाही घेत नाही. तरुणांना तीन-चार वर्षे एकत्र राहू देते आणि मग निरोप देते. माणूस घडवण्याच्या कामी दोहोंपैकी कोणते उजवे ठरेल? न्यूमन यांनी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. परीक्षा नकोत असे त्यांना सुचवायचे नव्हते. तरुण माणसे एकमेकांच्या सहवासात, वाद घालत, जुळवून घेत जे शिकतात, ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत मावत नाही, हे त्यांना सांगायचे होते.

१८५४ मध्ये विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना लहान लहान निवासगृहांत विभागले. शिस्त पाहण्यासाठी डीन नेमले. ट्यूटर मात्र वेगळे, विद्यार्थ्यांपेक्षा थोडेच मोठे, नुकत्याच परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेले. त्यांनी अभ्यासात मदत करावी, सोबत करावी आणि त्या सोबतीतूनच सल्ला द्यावा, अशी योजना होती. मुलांना फार मोकळीक दिली जाते, अशी तक्रार आर्चबिशप कलन यांनी केली. म्हणजे आज आपल्या घरोघरी होणारी तक्रार दीडशे वर्षांहून जुनी आहे!

गुण देणारा वेगळा, ऐकणारा वेगळा

शिस्त पाहणारा एक आणि सोबत करणारा दुसरा, ही विभागणी आम्हाला सेमिनरीत अनुभवायला मिळाली. तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी आमचे मन अभ्यासावरून उडाले होते. घरी परत जावे असे वाटत होते. रेक्टरना सांगण्याची हिंमत नव्हती, कारण आमच्याविषयीचा अहवाल तेच लिहिणार. आम्ही आध्यात्मिक मार्गदर्शकांकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानाभोवती ते आमच्याबरोबर चालत राहिले, जवळजवळ महिनाभर. रेक्टरना त्यातला एक शब्दही कळला नाही.

हा त्यांचा केवळ चांगुलपणा नव्हता. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार प्रत्येक सेमिनरीत निदान एक आध्यात्मिक मार्गदर्शक असावाच लागतो (कलम २३९). उमेदवाराला दीक्षा द्यावी की सेमिनरीतून काढावे, हे ठरवताना त्या मार्गदर्शकाचे मत विचारण्यास सक्त मनाई आहे (कलम २४०). ज्याच्या हातात आपले भवितव्य आहे, त्याच्यापुढे माणूस मन मोकळे करीत नाही, हे त्या नियमामागचे शहाणपण आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. फी आपण भरतो, निकाल आपण विचारतो, रागावतोही आपणच. मग मूल आपल्यालाच सगळे सांगेल अशी अपेक्षा करतो. काही मुले सांगतात, ते त्या घराचे भाग्य. पण न सांगणारे मूल वाईट नसते. त्याला कधी कधी आपल्याला दुखवायचे नसते. म्हणून आईबापांशिवाय आणखी एक जाणते माणूस प्रत्येक विद्यार्थ्याच्या आयुष्यात असायला हवे : मामा, आत्या, गॉडपेरेंट, शाळेतले जुने सर किंवा त्याच कॉलेजातून शिकून गेलेली शेजारची ताई.

कायद्याने काय दिले आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. परीक्षेतील अपयश हे त्यांपैकी काहींचेच कारण. घरातील प्रश्न, आजार, एकटेपणा अशी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या आणि याविषयी स्वतंत्र कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील असे सांगितले. ज्या संस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत, तेथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असला पाहिजे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, त्यांचा चारचौघांत पाणउतारा करू नये. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वर्गांत आणि वसतिगृहांत मोठ्या अक्षरांत लावावेत. पालकांनी प्रवेश घेताना 'समुपदेशक कोण, कोणत्या वारी भेटतात?' एवढे जरूर विचारावे. फीचे हप्ते विचारताना आपण लाजत नाही, मग हे विचारताना का लाजावे?

'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.

वाढ कोठे होते?

दुःख ऐकणारे कोणी असावे हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की तरुण माणसाला आपला कोणाला तरी उपयोग होतो हे कळावे लागते. वर्गात तो ऐंशी जणांतला एक असतो. तो आला नाही तर कोणाचे काही अडत नाही. पण शिबिरात स्वयंपाकाची पाळी त्याची असेल आणि तो उठला नाही, तर पन्नास जण उपाशी राहतात!

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास असे दोन वर्षे काम करायचे असते, शिवाय गावात राहून सात दिवसांचे शिबिर. 'त्यात वेळ कशाला घालवतोस, अभ्यास कर,' असे सांगणारे पालक आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण देतो. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातीधर्मांची मुले एकत्र ठेवली. ती एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वतः कष्ट करीत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र आज अनेक विद्यापीठांनी घेतले आहे. कष्टाने आणि सहवासाने त्या मुलांचा अभ्यास बुडाला नाही, उलट ती ताठ मानेने उभी राहिली.

आपली जी मुले रोज तीन-चार तास गाडीत घालवतात, त्यांना सगळ्या उपक्रमांत भाग घेता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण एक खेळ, एक गायनवृंद, एक शिबिर, काहीतरी एक असू द्या. आठवड्यातून दोन तास असे हवेत, की ज्यांचे गुण मिळत नाहीत.

आपण काय करावे?

१. घरी आल्याबरोबर निकाल विचारू नका. 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास?' असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर सलग आठ दिवस 'एकटाच' असे आले, तर लक्ष द्या.

२. झोप, भूक, बोलणे यांत मोठा बदल दिसला, आवडत्या वस्तू तो वाटून टाकू लागला, 'माझा तुम्हाला भारच आहे' असे म्हणू लागला, तर थांबू नका. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे शांतपणे आणि सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

३. 'प्रार्थना कर, सगळे ठीक होईल,' एवढे सांगून परत पाठवू नका. हा दोष आम्हा धर्मगुरूंचाही आहे. कावीळ झाली तर आपण प्रार्थनाही करतो आणि डॉक्टरांकडेही जातो. मनाच्या आजारालाही तोच न्याय हवा.

४. कॉलेज शिकून नोकरीला लागलेल्या तरुण-तरुणींनी एका नव्या विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी. महिन्यातून एक फोन आणि परीक्षेच्या आधी एक भेट, एवढे पुरे. न्यूमन यांच्या ट्यूटरचे काम यापेक्षा फार वेगळे नव्हते.

आमच्याकडून

यंदा शिफारसपत्र हवे असलेल्या प्रत्येक मुलामुलीने आमच्यासमोर पंधरा मिनिटे बसावे, अशी आमची विनंती आहे. पत्राच्या मागच्या बाजूस आम्ही त्या कॉलेजात शिकलेल्या आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या दादाचे किंवा ताईचे नाव, त्यांच्या संमतीने, लिहून देऊ. नाताळच्या सुट्टीत त्या विद्यार्थ्याने पुन्हा भेटावे. तो आला नाही तर आम्ही त्याच्या घरी जाऊ.

यामुळे कार्यालयाबाहेरची रांग हळू सरकेल. पालकांनी राग मानू नये. 'व्यक्तिशः ओळखतो' हे दोन शब्द लिहिण्याआधी ते खरे करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

छोट्या समूहाच्या सभेत चर्चेसाठी

१. आपल्या वॉर्डातील किती मुले-मुली कॉलेजात जातात? त्यांपैकी किती जणांशी आपण या महिन्यात बोललो?

२. आपल्या मुलाला काही अडचण आली, तर आपल्याशिवाय तो कोणाकडे जाईल? त्या व्यक्तीला हे ठाऊक आहे काय?

३. आपल्या तरुणपणी वर्गाबाहेर आपल्याला घडवणारे माणूस कोण होते? त्यांच्याविषयी मुलांना सांगा.

आपले धर्मगुरू