अर्जातील दोन रकाने आणि आमची मुले

जून महिना लागला की बारावी झालेली मुले-मुली प्रवेशाचे अर्ज घेऊन संस्थेच्या अभ्यासिकेत येतात. नाव, पत्ता, गुण इथपर्यंत हात भराभर चालतो. पुढे दोन रकाने येतात, धर्म आणि जात. तेथे हात थांबतो. कोणी धर्मापुढे 'हिंदू' लिहितो, कारण वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर तसे आहे. कोणी दोन्ही रकान्यांत 'बौद्ध' लिहून मोकळा होतो. एखादी मुलगी आजूबाजूला पाहून हळू आवाजात विचारते, "सर, बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल का?"

आजचा तरुण ओळख विसरला, चळवळीपासून दूर गेला, मोबाईलमध्ये अडकला, अशी तक्रार आपण प्रत्येक जयंतीला व्यासपीठावरून ऐकतो. आम्हाला ही तक्रार अर्धीच खरी वाटते. घरात त्रिशरण-पंचशील आहे, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत, आणि कागदावर मात्र तिसरेच काही आहे. हे असे का, ते या मुलांना कोणी सांगितले? वडीलधाऱ्यांनी "साहेब सांगतील ते लिही" एवढेच सांगितले असेल, तर मुलाने ओळख जपायची म्हणजे नेमके काय करायचे? म्हणून या लेखात आम्ही उपदेश बाजूला ठेवून त्या दोन रकान्यांचा इतिहासच सांगणार आहोत.

भारताच्या राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींची यादी जाहीर करणारा आदेश काढला. त्यातील तिसऱ्या परिच्छेदात अट होती की, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख धर्मीयांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि ज्यांनी ती घेतली ते कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी यादीबाहेर गेले. माणूस तोच, वस्ती तीच, गावाने पाहण्याची नजर तीच. फक्त केंद्र सरकारच्या लेखी तो आता अस्पृश्यतेचा बळी उरला नाही!

महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील शिक्षणाच्या व नोकरीच्या सवलती धर्मांतरितांना दिल्या, हे नोंदविले पाहिजे. परंतु रेल्वे, टपाल आणि केंद्राची इतर खाती यांची दारे बंदच राहिली. निवडणुकीतही तेच. डी. पी. मेश्राम हे १९६२ साली विधानसभेच्या राखीव जागेवरून निवडून आले होते. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्यांची निवड टिकली नाही. हा निर्णय आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा तरी वाचावा. त्या काळातील बापाने मुलाच्या दाखल्यावर 'हिंदू महार' का राहू दिले, हे त्यावरून कळेल. विहारात तो बौद्ध होता आणि शाळेच्या नोंदवहीत हिंदू. त्याला भेकड म्हणणे सोपे आहे. रेल्वेतील एका नोकरीवर सहा-सात माणसांचे घर चालत असे, ते ध्यानात घेतले म्हणजे तो शब्द जिभेवर येत नाही.

ही कोंडी ३४ वर्षांनी फुटली. १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात संसदेने कायदा करून त्या तिसऱ्या परिच्छेदात 'हिंदू, शीख वा बौद्ध' अशी दुरुस्ती केली. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : धर्म 'बौद्ध' लिहिल्याने अनुसूचित जातीची कोणतीही सवलत जात नाही. शिक्षणातील नाही, नोकरीतील नाही, राखीव जागेवर निवडणूक लढविण्याची नाही. तरीही "बौद्ध लिहू नकोस, अडचण होईल" हा सल्ला अजून फिरतो. १९९० पूर्वी पोळलेल्या माणसाने तो दिला होता. कायदा बदलला, सल्ला तसाच पुढे चालत आला.

मात्र जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहिले की खरोखरच अडचण होते. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध नावाची जात नाही, आणि ती असूही नये. तेथे यादीतील मूळ जातीचे नाव लागते. ज्यांनी दोन्हीकडे 'बौद्ध' लावून घेतले, त्यांचे दाखले केंद्राच्या नोकरीच्या वेळी अडले, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी जातीच्या दाखल्याचा स्वतंत्र नमुना आहे. अर्ज करताना तोच मागावा.

येथे काही तरुण कार्यकर्ते रास्त हरकत घेतात. बाबासाहेबांनी ज्या नावातून आम्हाला बाहेर काढले, तेच नाव पुन्हा कागदावर लिहायचे, मग बावीस प्रतिज्ञांचा अर्थ काय? या हरकतीमागे तळमळ आहे, म्हणून ती आम्ही झटकून टाकत नाही. पण आमचे मत वेगळे आहे. धर्माचा रकाना आपण काय स्वीकारले ते सांगतो. जातीचा रकाना आपल्या आजोबा-पणजोबांवर काय लादले गेले, ते सांगतो. पहिले आपले उत्तर आहे, दुसरी समाजाविरुद्धची नोंद आहे. कोर्टात जखमेचा दाखला देणारा माणूस जखमेलाच आपले नाव समजत नाही. हे मुलाला नीट समजले, तर दोन्ही रकाने भरताना त्याची मान खाली जाणार नाही.

उलट आमचा राग आहे तो 'नवबौद्ध' या शब्दावर. १४ ऑक्टोबर २०२६ ही धम्मदीक्षेची सत्तरी. नातवंडांची मुले शाळेत जाऊ लागली, तरी शासनाच्या योजनांच्या पाट्यांवर आपण 'अनुसूचित जाती व नवबौद्ध'च. सत्तर वर्षांत नवी सून घरची सासू होते आणि आजीही होते!

आता दाखला काढायला गेल्यावर काय होते ते पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे दीक्षेच्या सहा वर्षे आधीचा कागद. मुंबईच्या चाळीत किंवा पुण्याच्या वस्तीत जन्मलेल्या मुलाला त्यासाठी पणजोबांचे गाव गाठावे लागते. शाळेची जुनी दाखल-खारीज नोंदवही, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते. अनेकांच्या पणजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, आणि पाहिले असेल तर वर्गाबाहेरून. ज्यांना लिहू दिले नाही त्यांच्याकडेच लेखी पुरावा मागायचा, ही विसंगती कोणत्याही अधिकाऱ्याला दिसावी. पण हीच धावपळ कित्येकदा मुलाला पहिल्यांदा आपल्या गावाची आणि घराण्याची ओळख करून देते. साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले, तिच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे ते आजही पाहता येते. शाळेच्या नोंदवहीतील एका ओळीला काय मोल असते, ते आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार?

कागदापेक्षा अवघड असते ते बोलणे. वसतिगृहात, कार्यालयात, भाड्याची खोली पाहताना आडनाव विचारले जाते, आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, मग "तुमच्याकडे गणपती बसतो का?" असे विचारतात. मुले गप्प बसतात, आडनाव गाळतात, काही जण खोटेच सांगतात. आमच्यातील काही ज्येष्ठ त्यांना फैलावर घेतात. त्यांनी जरा थांबावे. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांकडे कोलंबिया विद्यापीठाची पदवी होती, महाराजांची नेमणूक होती, आणि तरी राहायला जागा नव्हती. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांना तेथून निघावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, लपविलेला नाही. म्हणून नाव लपविणाऱ्या मुलाला आम्ही दोष देत नाही. त्याने बडोद्याचा प्रसंग वाचलेला असावा, एवढा आग्रह मात्र आहे. वाचला म्हणजे लाज कोणाला वाटायला हवी, ते त्याचे त्यालाच कळेल.

आता थोडी आकडेवारी. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. २०११ मध्ये ही संख्या ६५ लाखांवर गेली, परंतु राज्याच्या लोकसंख्येतील प्रमाण २००१ च्या ६ टक्क्यांवरून ५.८ टक्क्यांवर आले. कुटुंबे लहान झाली हे त्याचे एक कारण असणार, आणि ते चांगलेच लक्षण आहे. दुसरे कारण, आमच्या मते, तो जुना सल्ला. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली असून तीत सर्वांची जात नोंदविण्याचा निर्णय सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. प्रगणकाला धर्म बौद्ध सांगावा, आणि यादीतील जातही सांगावी. व्यक्तीची माहिती जनगणना कायद्याने गोपनीय असते. तिचा कोणाच्या दाखल्याशी संबंध नाही.

त्याच २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती. सर्व देशाची ७२.९८. हे धर्मांतराने आणि शाळेच्या ओढीने घडविले. पण साक्षरतेपुढचा रस्ता अरुंद होत चालला आहे. सरकारी जागा कमी भरल्या जातात, पुष्कळ कामे कंत्राटावर गेली, आणि खाजगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा नाही. आजोबांना गिरणी होती, वडिलांना सरकारी खाते होते. नातवाला काय, हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नाही, आणि आपण त्याला मिरवणुकीची वर्गणी मागतो. आम्ही जयंतीच्या विरुद्ध नाही. पण डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात अभ्यासिकेचे किती महिन्यांचे वीजबिल निघते, याचा हिशेब मंडळांच्या खजिनदारांनी करून पाहावा.

जे आहे ते तरी वेळेवर पदरात पडावे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, संशोधनासाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. यांपैकी कितीतरी संधी मुलांच्या हातून जातात त्या गुण कमी पडल्याने नव्हे, तर जातवैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्याने. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच महाविद्यालयामार्फत त्याचा अर्ज करावा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये.

आणि हे पालकांनी नव्हे, मुलांनीच करावे असे एक काम. या दिवाळीच्या सुटीत दोनशे पानी वही घ्या आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. मूळ गाव कोणते, तालुका कोणता, पणजोबांचे नाव काय, कोण प्रथम शाळेत गेले आणि कोणत्या गावच्या, आडनाव केव्हा व का बदलले, दीक्षा कोठे व कोणाकडून घेतली, देव्हाऱ्यातील देवांचे त्या दिवशी काय केले, हे विचारून तारखेसह लिहून घ्या. दाखल्याला यांतील निम्मी माहिती लागतेच. बाकीची निम्मी कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. नागपूरला १९५६ साली जे दहा वर्षांचे पोर बापाचे बोट धरून उभे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे.