तळाचे रहिवासी : गोव्याच्या खाड्यांतील शिंपल्यांचा अभ्यास

(इयत्ता ५ वी ते ७ वी – सामान्य विज्ञान – शिक्षकांसाठी पाठ-टिपण)

पाठाचा हेतू

पाण्याच्या तळाशी राहणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांची ओळख विद्यार्थ्यांस करून देणे. त्यांच्यावर माणसाची उपजीविका कशी अवलंबून असते हे समजावणे. आणि निसर्गात झालेला बदल मोजून कसा सिद्ध करावा लागतो, याची रीत त्यांच्या मनावर बिंबविणे.

पूर्वज्ञान

आष्टी परिसरातील विद्यार्थ्याने समुद्र पाहिलेला असेलच असे नाही. परंतु शिंपला त्याने पाहिलेला असतो. वर्धा नदीच्या वाळवंटात उन्हाळ्यात रिकामे शिंपले आढळतात व मुले ते वेचून खेळण्यास आणतात. शिक्षकांनी पाठाचा प्रारंभ येथूनच करावा. असा एक शिंपला वर्गात दाखवून विचारावे, “हे घर कोणाचे? त्यातील रहिवासी कोठे गेला? तो काय खात असे?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांस येईल, तिसऱ्याचे क्वचितच कोणास येईल. तेथून विषयाकडे वळावे.

विवेचन

शिंपल्यात राहणारा प्राणी मृदुकाय वर्गातील होय. त्याला पाठीचा कणा नसतो, डोके म्हणता येईल असा अवयवही नसतो. शरीराभोवती चुन्याची दोन झाकणे असून ती एका बाजूस बिजागरीप्रमाणे जोडलेली असतात. संकट येताच तो बळकट स्नायूंनी झाकणे मिटून घेतो. स्नायूसारखा एक पाय बाहेर काढून तो वाळूत किंवा चिखलात शिरतो आणि तेथेच राहतो.

त्याच्या आहाराची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो भक्ष्याच्या मागे जात नाही. तो एका बाजूने पाणी आत घेतो, ते क्लोमांवरून जाऊ देतो व दुसऱ्या बाजूने बाहेर सोडतो. क्लोम म्हणजे त्याचे श्वसनाचे इंद्रिय. पण तेच त्याची चाळणीही आहे. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व अन्नकण त्या चाळणीवर अडकतात आणि हळूहळू मुखाकडे नेले जातात. म्हणजे श्वास आणि घास या दोन्ही गोष्टी एकाच पाण्यातून व एकाच चाळणीतून साधल्या जातात. यावरून एक गोष्ट उघड होते : ज्या प्राण्याचे जीवन चाळणीवर चालते, त्याला गढूळ पाणी सर्वाधिक घातक. चाळणी गाळाने भरली की अन्न कमी होते आणि श्वासही कोंडतो.

समुद्राच्या वा खाडीच्या तळाशी शिंपलेधारी प्राणी एकटे नसतात. चिखलात बिळे करून राहणारे वलयी कृमी, लहानमोठे खेकडे, गोगलगायी व इतर अनेक जीव तेथे वस्ती करून असतात. या सर्वांस मिळून ‘नितलस्थ जीव’ असे म्हणतात. वरून खाली पडणारे कुजके सेंद्रिय कण हे जीव खातात आणि तळाशी चरणारे मासे या जीवांना खातात. शेतात गांडुळाचे जे स्थान, तेच तळाच्या चिखलात या जीवांचे, असे सांगितल्यास विद्यार्थ्यांस चटकन समजेल.

गोव्यातील उदाहरण

गोव्यात मांडवी व झुआरी या दोन मोठ्या नद्या समुद्रास मिळतात आणि कुंभारजुवेचा कालवा त्या दोहोंस जोडतो. भरतीचे खारे पाणी या नद्यांत बरेच आत शिरते. अशा निमखाऱ्या पाण्यात खुबे, तिसऱ्या, कालवे यांची पैदास होते. ओहोटी लागली की काठावरच्या गावांतील स्त्रिया टोपल्या घेऊन उथळ पाण्यात उतरतात आणि हातापायांनी चाचपून चिखलातील शिंपले वेचतात. या मासेमारीला होडी लागत नाही, जाळे लागत नाही, भांडवल लागत नाही. म्हणूनच ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, अशा घरालाही तिचा आधार असतो. वेचलेल्यातील काही घरच्या कालवणात जाते, काही बाजारात.

याच नद्यांतून लोहखनिजाची वाहतूक होत असे. गोव्याच्या अंतर्भागातील उघड्या खाणींतून काढलेले खनिज बार्जमध्ये भरून नदीमार्गे मुरगाव बंदराकडे नेले जाई. एक टन खनिज काढण्यासाठी दोन ते तीन टन निरुपयोगी माती व दगड उकरून बाजूला टाकावे लागत. अशा मातीचे डोंगर उभे राहिले आणि पावसाळ्यात त्यांतील माती वाहून नद्यांत येऊ लागली.

नद्यांच्या तळावर याचा परिणाम झाला काय, हा प्रश्न होता. ‘पाणी तांबडे दिसते’ एवढ्याने तो सुटत नाही. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. तेथील शास्त्रज्ञ ए. एच. पारुळेकर यांनी तळाच्या जीवांचा अभ्यास हे आपले कार्य मानले होते. हेच पारुळेकर १९८६-८७ च्या सहाव्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेचे नेते होते.

तळाच्या अभ्यासाची पद्धत अशी. दोन जबड्यांचे एक लोखंडी उपकरण दोरीने तळाशी सोडतात. ते टेकताच ओढ घेतली की जबडे मिटतात आणि ठरावीक क्षेत्रफळाचा चिखल उचलला जातो. तो बारीक चाळणीतून धुतात. चाळणीवर उरलेले जीव जातवार वेगळे करून मोजतात, त्यांचे वजन करतात आणि एका चौरस मीटरमध्ये किती जीव व किती वजन, हे गणिताने काढतात. त्याच वेळी पाण्याचा खारेपणा, त्यात विरघळलेला प्राणवायू व तरंगणारा गाळ यांचीही नोंद ठेवतात.

येथे एक अडचण येते व ती विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात, या खाड्यांतील पाणी जवळजवळ गोडे होते. खाऱ्या पाण्याची सवय असलेले पुष्कळ जीव तेव्हा मरतात किंवा तेथून नाहीसे होतात आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा वस्ती करतात. हे दरवर्षीचे आहे. तेव्हा एखाद्या दिवशी तळ रिकामा आढळला, तर तो दोष पावसाचा की खाणीच्या मातीचा, हे कसे ओळखावे? एका मोजणीने ते ओळखता येत नाही. वर्षभराची मोजणी हवी आणि काही वर्षांनंतर तशीच वर्षभराची दुसरी मोजणी हवी.

नेमके हेच करण्यात आले. १९७२-७३ सालची मोजणी हाताशी होती. दहा वर्षांनी, १९८२-८३ च्या नोंदी तिच्याशी ताडून पाहण्यात आल्या. पारुळेकर, अन्सारी व बबन इंगोले यांनी १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यातील प्राणवायू घटला होता, तरंगता गाळ वाढला होता आणि तळावर खाणींच्या टाकाऊ मातीचा थर पसरला होता. शिंप्यांचे उत्पादन ७० टक्क्यांहून अधिक घटले होते. तळाचे जे कायमचे रहिवासी, ते जवळजवळ नामशेष झाले होते आणि त्यांच्या जागी कसल्याही स्थितीत तग धरणारे थोडे फिरस्ते जीव आले होते. पाऊस दोन्ही वेळी पडला होता; फरक मातीच्या थराचा होता.

७० टक्के घट हा आकडा फळ्यावर लिहून त्याचा अर्थ सांगावा. जिथे पूर्वी दहा टोपल्या भरत, तिथे आता तीनही भरत नाहीत. खनिजाचा प्रत्येक टन हिशेबाच्या वहीत लिहिला जात होता. टोपलीत न आलेले शिंपले मात्र कोणत्याही वहीत नव्हते. ते प्रथम शास्त्रज्ञांच्या वहीत आले.

पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. २०१४ साली मर्यादा घालून ते सुरू करण्यास अनुमती दिली. आणि २०१८ साली नूतनीकरण केलेले खाणपट्टे रद्द ठरविले. खाणींवर पोट असणारी कुटुंबेही पुष्कळ होती, हेही शिक्षकांनी सांगावे. प्रश्नाची एकच बाजू मुलांपुढे ठेवणे योग्य नव्हे.

आपल्या भागाशी संबंध

वर्धा नदी वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. वाटेत धरणे आहेत व बराच गाळ त्यांत अडतो. तरीही शेतातून वाहून जाणारी माती शेवटी कोणत्या तरी तळावरच बसते. तो तळ नाल्याचा असो, धरणाचा असो की समुद्राचा. बांधबंदिस्तीचा पाठ शिकविताना हा संबंध जोडून द्यावा.

प्रात्यक्षिके

१. दोन सारख्या पेल्यांवर सारखे फडके बांधावे. एकात एक लोटा स्वच्छ पाणी व दुसऱ्यात तेवढेच गढूळ पाणी हळूहळू ओतावे. पाणी गळण्यास लागलेला वेळ घड्याळावर मोजावा. फडके म्हणजे शिंपल्याचे क्लोम, असे सांगून विद्यार्थ्यांस निष्कर्ष काढू द्यावा.

२. अर्धा मीटर लांबीच्या चार काड्यांची चौकट करावी. तिचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर होते. शाळेच्या परसात किंवा कोरड्या नाल्यात पाच ठिकाणी ती ठेवून आतील गोगलगायी व शिंपले मोजावे. समजा, संख्या ४, ०, ७, ३ व ६ आल्या. बेरीज २०, सरासरी ४, म्हणून एका चौरस मीटरमध्ये १६. ज्या चौकटीत काहीच आढळले नाही, तेथील शून्यही लिहिलेच पाहिजे. ते गाळल्यास सरासरी ५ व उत्तर २० येते आणि ते खोटे ठरते.

ही वही जपून ठेवावी व पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी नव्या वर्गाने मोजणी करावी. पाण्यात मुलांना उतरू देऊ नये. नदीकाठी न्यावयाचे झाल्यास शिक्षकाने सोबत असावे. जिवंत प्राणी पाहून झाल्यावर जागच्या जागी सोडावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. शिंपल्यातील प्राणी अन्न कसे मिळवितो?
२. गढूळ पाणी त्याला इतर प्राण्यांपेक्षा अधिक अपायकारक का ठरते?
३. एकाच मोजणीवरून शास्त्रज्ञांनी निष्कर्ष का काढला नाही?
४. शून्य ही संख्या नोंदवहीत का लिहावी?
५. आपल्या गावातील माती वाहून कोठे जाते? नकाशावर नदीचा मार्ग दाखवा.